‘मँडरिन’ : एका फसव्या शब्दाचा प्रवास

१

‘मँडरिन’ हा शब्द कानी पडला की कोणास लहान, सैल सालीचे, गोड संत्रे आठवते. कोणास चीनमधील प्रमाणभाषा आठवते. आणि इंग्रजी वृत्तपत्रांच्या वाचकास सचिवालयातील एखादा दुर्गम व सर्वज्ञ अधिकारी आठवतो. फळ, भाषा आणि राजपुरुष या तिन्ही गोष्टींस एकच नाव कसे मिळाले, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराच्या कुतूहलाचा वाटेल. वस्तुतः त्यात शब्दांच्या इतिहासाचे काही मूलभूत प्रश्न गुंतलेले आहेत. शब्द ज्या देशाचा म्हणून ओळखला जातो त्या देशात तो मुळी जन्मलेलाच नसावा, ज्या युरोपीय भाषेने तो जगभर नेला तिलाही त्याचे मूळ ठाऊक नसावे, आणि ज्या भूमीतून तो निघाला तेथील लोकांनीच तो परका म्हणून परत स्वीकारावा, असा तिहेरी विपर्यास या एका शब्दात आढळतो.

या शब्दाविषयी आजवर निरनिराळी मते मांडली गेली. त्यांतील काही केवळ ध्वनिसादृश्यावर उभी आहेत, काही अर्थसादृश्यावर. ती ऐकताच पटतात, आणि त्यांतच त्यांचा धोका आहे. शब्द प्रथम केव्हा, कोठे व कोणत्या रूपात आढळतो, या तीन कसोट्या लावल्या म्हणजे त्यांतील कोणते मत टिकते हे स्पष्ट होते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू तोच आहे.

२

प्रथम एक नकारात्मक गोष्ट नोंदविली पाहिजे. ‘मँडरिन’ हा शब्द चिनी नाही. चिनी भाषेत शासकीय अधिकाऱ्यास ‘ग्वान’ म्हणतात. मिंग आणि छिंग या राजवटींच्या काळी अभिजात ग्रंथांवरील कठीण परीक्षा उत्तीर्ण होऊन जे विद्वान राज्यसेवेत प्रविष्ट होत, ते सर्व ‘ग्वान’. हे अधिकारी साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले असत व त्यांच्या मायबोली परस्परांस दुर्बोध असत. त्यांच्या आपसातील व्यवहारासाठी जी सामान्य बोली रूढ झाली होती तिला ‘ग्वानह्वा’, म्हणजे ‘अधिकाऱ्यांची बोली’, असे नाव होते. संत्र्याच्या जातीच्या फळांस चिनी भाषेत ‘च्यू’ व ‘गान’ अशी जुनी नावे आहेत. इ. स. ११७८ मध्ये हान यान-चर याने वेन्चौ परिसरातील या फळांवर ‘च्यू लू’ नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अधिकारी, भाषा व फळ या तिहींपैकी एकाही गोष्टीस चिनी माणूस आपल्या भाषेत ‘मँडरिन’ म्हणत नाही, आणि पूर्वीही म्हणत नव्हता.

असे असूनही या शब्दास चिनी मूळ देण्याचा मोह अनेकांस झाला. त्यांतील सर्वांत लोकप्रिय मत असे, की ‘मान दा-रन’ या चिनी शब्दसमूहापासून ‘मँडरिन’ झाला. ‘मान’ म्हणजे मांचू, ‘दा-रन’ म्हणजे थोर पुरुष, महाशय. छिंग राजवंश मांचू होता. त्याच्या अधिकाऱ्यांस लोक ‘मांचू महाशय’ म्हणत असतील, आणि युरोपीयांनी तेच ऐकून उचलले असेल, अशी ही उपपत्ती आहे. ध्वनी जुळतात, अर्थही जुळतो. परंतु काळ जुळत नाही. मांचूंनी पेकिंग हस्तगत केले ते इ. स. १६४४ मध्ये. ‘मांदारिं’ हे पोर्तुगीज रूप मात्र इ. स. १५२२ च्या लेखात येते. ज्या काळी मांचू राज्यच नव्हते, त्या काळी मांचू अधिकाऱ्यांवरून पडलेले नाव वापरात असणे शक्य नाही. सव्वाशे वर्षांचे हे अंतर कोणत्याही ध्वनिसाम्याने भरून निघणारे नाही.

३

दुसरे मत अधिक जुने व अधिक प्रतिष्ठित होते. पोर्तुगीज भाषेत ‘मांदार’ हे क्रियापद आहे. लॅटिन ‘मांदारे’ पासून आलेल्या या क्रियापदाचा अर्थ ‘आज्ञा करणे’. तेव्हा आज्ञा करणारा तो ‘मांदारिं’, ही व्युत्पत्ती युरोपीय विद्वानांस इतकी स्वाभाविक वाटली की ती दीर्घकाळ निःशंकपणे पुनरुक्त होत राहिली. ऑक्सफर्डचा प्राच्यविद्यापंडित टॉमस हाइड याने ती मानली, आणि एकोणिसाव्या शतकात हेन्स्ली वेजवुड या इंग्रज व्युत्पत्तिकारानेही तिचाच पुरस्कार केला.

या मतावर पहिला निर्णायक आघात हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांनी आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या इ. स. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोशात केला. त्यांचा आक्षेप व्याकरणाचा होता आणि तो बिनतोड होता. पोर्तुगीजमध्ये ‘मांदार’ या धातूपासून कर्तृवाचक नाम होते ते ‘मांदादोर’. ते रूप भाषेत विद्यमान आहे व पूर्वेकडील व्यवहारातही ते वापरले गेले आहे. ‘मांदारिं’ असे रूप देणारा कोणताही कृत्प्रत्यय पोर्तुगीजमध्ये नाही. आपल्या भाषेत नियमित शब्द सिद्ध असता परदेशातील अधिकाऱ्यांसाठी पोर्तुगीजांनी व्याकरणाबाहेरचे एक विचित्र रूप नव्याने घडविले, असे मानण्यास आधार नाही.

दुसरा आक्षेप भूगोलाचा आहे. या शब्दाचे प्राचीनतम प्रयोग चीनविषयी नाहीतच. इ. स. १५२२ मध्ये पश्चिम जावातील सुंदाच्या राजाशी पोर्तुगीजांनी मैत्रीचा करार केला; त्या करारलेखात सुंदाच्या राजाच्या अधिकाऱ्यास ‘मांदारिं’ म्हटले आहे. त्याच सुमाराचे इतर प्रयोगही मलय द्वीपसमूहातील, किंबहुना भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील दरबारांविषयीचे आढळतात. म्हणजे प्रारंभी हा शब्द ‘चिनी अधिकारी’ या अर्थाचा नव्हता. तो ‘पूर्वेकडील राजांचा मंत्री’ या अर्थाचा होता. पुढे त्याचा अर्थ संकोच पावून चीनपुरता राहिला. व्युत्पत्ती शोधावयाची तर ती या पहिल्या भूमीतच शोधली पाहिजे.

४

ती भूमी संस्कृत शब्दांनी व्यापलेली होती. ‘मन्त्र’ म्हणजे विचार, मसलत, गुप्त खल. आणि तो ज्याच्यापाशी करावयाचा तो ‘मन्त्रिन्’. संस्कृत राजनीतिशास्त्रात हा शब्द ढोबळ नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘अमात्य’ व ‘मन्त्री’ यांत स्पष्ट भेद केलेला आहे. कार्यक्षम पुरुषास अमात्य करता येईल, पण तेवढ्याने तो मन्त्री होत नाही, असा तेथील निर्णय आहे. राजाने तीन किंवा चार मन्त्र्यांशी खल करावा असे सांगितले आहे, आणि वेतनाच्या प्रकरणात मन्त्र्यास पुरोहित, सेनापती व युवराज यांच्या पंक्तीस बसवून ४८,००० पण वेतन नेमले आहे. म्हणजे ‘मन्त्री’ हा राज्यातील सर्वोच्च वर्गाचा वाचक होता.

भारतात या शब्दाचे भाग्य पुढे बदलत गेले. दख्खनमध्ये सुलतानी राजवटी स्थिरावल्या तेव्हा दरबारी व्यवहारातून तो मागे पडला व ‘वजीर’, ‘पेशवा’, ‘मुजुमदार’, ‘डबीर’ असे फारसी-अरबी शब्द पुढे आले. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांस संस्कृत नामाभिधाने दिली, तेव्हा ‘वाकनीस’ या पदास ‘मंत्री’ हे नाव मिळाले. ‘राज्यव्यवहारकोश’ हा त्याच भाषाशुद्धीच्या प्रयत्नाचा भाग होय. येथे हे लक्षात घेण्याजोगे आहे, की महाराष्ट्रात ‘मंत्री’ या शब्दाचे असे पुनरुज्जीवन होत होते, त्याच्या दीडशे वर्षे आधीच तो शब्द पोर्तुगीज गलबतांतून निराळ्या वेषात जगप्रवासास निघालेला होता.

आग्नेय आशियात मात्र त्याला असा खंड पडला नाही. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात व्यापारी, ब्राह्मण व बौद्ध भिक्षू यांच्याबरोबर संस्कृत राज्यपरिभाषा तेथे पोचली आणि स्थानिक राजांनी ती आत्मसात केली. जुन्या जावानी भाषेत ‘मंत्री’ हा अधिकारवाचक शब्द सर्रास येतो, इ. स. १३६५ मध्ये रचलेल्या ‘नागरकृतागम’ या काव्यात मजपहित राज्याचे मंत्री वर्णिलेले आहेत. मलय भाषेत तो शब्द ‘मन्तरी’ असा झाला. तेथे पंधराव्या शतकात मलाक्काचे राजे इस्लामी झाले, त्यांनी अरबी लिपी व ‘सुलतान’ ही पदवी घेतली, तरी ‘मन्तरी’ हा शब्द टाकला नाही. धर्म बदलल्यावरही राज्यकारभाराची जुनी परिभाषा टिकून राहते, याचे हे एक बोलके उदाहरण होय. आजही मलेशियाच्या पंतप्रधानास ‘पेर्दाना मन्तरी’, म्हणजे ‘प्रधान मंत्री’, असेच म्हणतात. उलट जावामध्ये त्याच शब्दाचा अर्थ उतरत जाऊन डच अंमलाखाली तो कनिष्ठ कर्मचाऱ्यास, देवी टोचणाऱ्यासदेखील, लावला जाऊ लागला. अर्थाचा उत्कर्ष आणि अपकर्ष एकाच शब्दाच्या दोन शाखांत असे शेजारीशेजारी दिसतात.

५

अफोन्सो द आल्बुकेर्क याने इ. स. १५१० मध्ये गोवा आणि इ. स. १५११ मध्ये मलाक्का जिंकले. मलाक्का ही केवळ एक बाजारपेठ नव्हती. गुजराती, तमिळ, जावानी, अरब व चिनी व्यापारी तेथे एकत्र येत, आणि त्या सर्वांचा परस्परव्यवहार मलय भाषेत चाले. पोर्तुगीजांस चीनची पहिली माहिती मिळाली ती याच बंदरात आणि बहुतांशी याच भाषेच्या दुभाष्यांकडून. मलय माणूस चिनी अधिकाऱ्याचा उल्लेख करताना आपल्याच भाषेतील ‘मन्तरी’ हा शब्द योजणार, हे उघड आहे. टोमे पिरिश याचे शिष्टमंडळ इ. स. १५१७ मध्ये कँटनला पोचले ते मलाक्काहूनच. हे शिष्टमंडळ पुढे कैदेत पडले, आणि त्यांतील कैद्यांनी कँटनच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत चिनी अधिकाऱ्यांसाठी हाच शब्द येतो. अशा रीतीने चिनी शासनयंत्रणेचे पहिले युरोपीय वर्णन एका भारतीय शब्दाच्या द्वारे झाले.

आता ध्वनिपरिवर्तनाचा विचार केला पाहिजे. कारण ‘मंत्री’ व ‘मांदारिं’ यांत तीन भेद आहेत आणि त्या तिहींची उपपत्ती लागल्यावाचून व्युत्पत्ती सिद्ध झाली असे म्हणता येत नाही.

पहिला भेद मधल्या स्वराचा. ‘त्र’ या संयोगात एक स्वर आला आहे. हा स्वर पोर्तुगीजांचा नव्हे. ‘त्र’ चा उच्चार त्यांस मुळीच अवघड नव्हता. तो मलय भाषेतच आलेला आहे. ‘मन्तरी’ या मलय रूपात त आणि र यांच्यामध्ये आखूड, अस्पष्ट स्वर ऐकू येतो. संस्कृत वैयाकरणांनी ज्यास स्वरभक्ती म्हटले तीच ही प्रक्रिया. मराठीत ‘मंत्र’ चे ‘मंतर’ आणि ‘यंत्र’ चे ‘जंतर’ होते, ते याच नियमाने. शब्द थेट संस्कृतातून न येता मलयमार्गे आला याचा हा ध्वनिगत पुरावा होय.

दुसरा भेद ‘त’ चा ‘द’ होण्याचा. येथेच ‘मांदार’ या क्रियापदास त्याचे योग्य स्थान मिळते. ते या शब्दाचे मूळ नव्हे, तथापि त्याने या शब्दास आकार दिला. परका शब्द कानी पडला म्हणजे ऐकणारा त्यात आपल्या भाषेतील ओळखीचा अवयव शोधतो. ‘मन्तरी’ आज्ञा करतो. आज्ञा करणे म्हणजे ‘मांदार’. तेव्हा तो ‘मांदारि’. लोकव्युत्पत्ती ती हीच. येथे आणखी एक सहायक कारणही संभवते. तमिळ व मलयाळम भाषांत अनुनासिकानंतरचा त-कार घोष उच्चारला जातो. तमिळ ‘मन्तिरि’ चा उच्चार ‘मन्दिरि’ असा होतो. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज मलाक्काच्या आधी स्थिरावले होते, आणि मलाक्कातही तमिळ व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. द-कारयुक्त उच्चार त्यांच्या कानांवर येथेही पडला असेल.

तिसरा भेद अंत्य अनुनासिकाचा, आणि तो सर्वांत उद्बोधक आहे. मलय किंवा संस्कृत शब्दाच्या कर्तृरूपात शेवटी अनुनासिक नाही. ‘मन्त्रिन्’ या प्रातिपदिकातील न-काराशी इंग्रजी ‘मँडरिन’ मधील न-कार जोडण्याचा मोह होतो. पण तो टाळला पाहिजे. प्रातिपदिक हे व्याकरणात असते, बोलणाऱ्याच्या तोंडी नसते. तोंडी असते ते ‘मन्त्री’. हा अनुनासिक पोर्तुगीजांचा आहे. पूर्वेकडील ई-कारान्त नावे घेताना ते अंती अनुनासिक जोडत. कोचीचे त्यांनी ‘कोशिं’ केले, कालिकतच्या सामूरीचे ‘सामोरिं’, लष्करीचे ‘लाश्कारिं’, पालखीचे ‘पालांकिं’. आणि महाराष्ट्राच्या वाचकास सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे वसईचे ‘बासाईं’, ज्यापासून इंग्रजांचे ‘बॅसीन’ झाले. ही रूपमाला एकदा पुढे ठेवली की ‘मन्तरी’ चे ‘मांदारिं’ होणे अपवाद न राहता नियम ठरतो. एकाकी शब्दाची व्युत्पत्ती नेहमी संशयास्पद असते. तिच्या शेजारी तशाच घडणीचे चार शब्द उभे राहिले म्हणजे तिला बळ येते.

मूळच्या गोव्याच्या सेबास्तियाओं रोदोल्फु दालगादु यांनी इ. स. १९१९ व १९२१ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘ग्लोसारियु लुसो-आसियातिकु’ या कोशात अशा पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा अफाट संग्रह केला. कोकणी ही त्यांची मातृभाषा, संस्कृत व पोर्तुगीज या दोहोंत ते पारंगत. या दुहेरी ज्ञानावाचून अशा शब्दांचा मागोवा घेणे कठीण. मराठीच्या अभ्यासकांकडून या कोशाचा व्हावा तितका उपयोग झालेला नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

६

अधिकाऱ्याचे नाव भाषेस कसे लागले, याचा उलगडा त्या मानाने सोपा आहे. मिकेले रुज्जेरी व मात्तेओ रिच्ची हे जेझुइट धर्मोपदेशक इ. स. १५८३ मध्ये चाओचिंग येथे राहावयास गेले. त्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या पोर्तुगीज-चिनी शब्दकोशाचे हस्तलिखित त्याच दशकातील असून ते इ. स. १९३४ मध्ये रोम येथील जेझुइट दप्तरखान्यात सापडले. त्यात ‘मांदारिं भाषा’ या पोर्तुगीज शब्दप्रयोगास ‘ग्वानह्वा’ असा चिनी प्रतिशब्द दिलेला आहे. म्हणजे ‘मँडरिन भाषा’ हे ‘ग्वानह्वा’ या चिनी शब्दाचे शब्दशः भाषांतर होय. फ्रान्सिस्को वारो याचे या भाषेचे स्पॅनिश व्याकरण इ. स. १७०३ मध्ये कँटन येथे छापले गेले; त्याच्या शीर्षकातही हेच नाव आहे. या नावात संकल्पना चिनी आहे, शब्द भारतीय आहे, आणि त्याची घडण पोर्तुगीज आहे.

परंतु नाव स्थिर राहिले तरी त्याने निर्दिष्ट होणारी वस्तू स्थिर राहिली नाही. रिच्चीच्या काळची ‘ग्वानह्वा’ ही नानकिंगच्या शिष्ट उच्चारास मानदंड समजणारी होती. एकोणिसाव्या शतकात पेकिंगच्या बोलीने तिची जागा घेतली. टॉमस वेड याचे इ. स. १८६७ चे पाठ्यपुस्तक पेकिंगची बोली प्रमाण धरून रचलेले आहे. पुढे इ. स. १९०५ मध्ये राज्यसेवेच्या परीक्षा बंद झाल्या आणि इ. स. १९१२ मध्ये साम्राज्यच संपले. ‘अधिकाऱ्यांची बोली’ हे नाव मागे पडून प्रजासत्ताकाने ‘ग्वोयू’, म्हणजे ‘राष्ट्रभाषा’, हे नाव पुढे केले. साम्यवादी शासनाने इ. स. १९५५-५६ मध्ये ‘पुतोंगह्वा’, म्हणजे ‘सर्वसामान्य बोली’, असे नाव अधिकृत केले. सिंगापूरमध्ये तीच भाषा ‘ह्वायू’ म्हणून ओळखली जाते, तेथे इ. स. १९७९ मध्ये तिच्या प्रसाराची मोहीम सुरू झाली, आणि त्या मोहिमेच्या इंग्रजी नावात मात्र ‘मँडरिन’ हाच शब्द राहिला.

या नामांतरांमागे राजकीय आशय आहे. अधिकारी वर्गाची बोली, राष्ट्राची भाषा, सर्वसामान्यांची बोली या तीन नावांत चीनच्या तीन राज्यकल्पना सामावलेल्या आहेत. बाहेरच्या जगाने मात्र पहिल्याच नावाचे भाषांतर धरून ठेवले. जो वर्ग नाहीसा झाला त्याचे नाव त्याच्या भाषेस, आणि तेही त्या भाषेत नसलेल्या शब्दाने, अद्याप चालत आहे. मराठी वृत्तपत्रे व पाठ्यपुस्तके जेव्हा ‘मँडरिन भाषा’ असे लिहितात तेव्हा ती ही सर्व परंपरा नकळत स्वीकारतात. शब्द रूढ झाला आहे व तो टाळण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. तथापि ते चिन्यांनी आपल्या भाषेस दिलेले नाव आहे, हा समज तरी दूर झाला पाहिजे.

७

आता राहिले ते फळ. ‘मँडरिन’ हे संत्र्याचे नाव इंग्रजीत इ. स. १७७१ पासून आढळते, आणि ते स्वीडिश भाषेतून तेथे आले. पूर्व भारत व्यापारी संस्थांची स्वीडिश जहाजे त्या शतकात कँटनला जात. ही झाडे प्रत्यक्ष इंग्लंडात आणली गेली ती इ. स. १८०५ मध्ये, कँटनहूनच. शास्त्रीय नामकरणात ‘सिट्रस रेटिक्युलाटा’ हे नाव ब्लांको याने इ. स. १८३७ मध्ये दिले.

हे नाव का पडले, याविषयी सामान्यतः असे सांगितले जाते की चिनी अधिकाऱ्यांच्या झग्यांचा रंग या फळासारखा होता. ही उपपत्ती आकर्षक असली तरी दुबळी आहे. छिंग दरबारात झळझळीत पिवळा रंग सम्राटासाठी राखलेला होता, आणि अधिकाऱ्यांचा वरचा झगा गडद, निळसर काळ्या रंगाचा असून त्यावर पदवीनुसार पक्ष्याचे वा पशूचे चिन्ह असे. याउलट, चीनमधील जे जे उंची, देखणे वा विशेष ते ‘मँडरिन’, असा प्रघात युरोपात पडला होता. ‘मँडरिन’ बदकासही हे नाव अशाच रीतीने मिळाले. चिनी भाषेत त्या पक्ष्याचे नाव ‘य्वान्-यांग’ असे आहे. फळाचे नाव या प्रघाताचाच एक भाग मानणे अधिक सयुक्तिक होय.

‘मँडरिन ऑरेंज’ या जोडशब्दातील दुसरे पदही भारतातूनच निघालेले आहे. संस्कृत ‘नारङ्ग’ हा शब्द द्राविड भाषांतून आला असावा. तो फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’ व स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ झाला, आणि फ्रेंच-इंग्रजीत आद्य न-कार गमावून ‘ऑरेंज’ झाला. एक शब्द अरबांबरोबर पश्चिमेकडे गेला, दुसरा मलयांकडून पूर्वेकडे; आणि दोघे अखेर एका चिनी फळावर एकत्र आले. मराठीने ‘नारिंग’ व ‘मंत्री’ हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे जतन केले असता तिला त्यांची ही इंग्रजी जोडी ओळखता येऊ नये, यात आश्चर्य नाही. कारण प्रवासात दोघांचेही रूप पालटले आहे.

याच फळाच्या मराठी नावाविषयी एक तसाच भ्रम प्रचलित आहे. ‘संत्रे’ हा शब्द पोर्तुगालमधील ‘सिंत्रा’ या गावाच्या नावावरून आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे मत निव्वळ काल्पनिक म्हणून उडवून लावता येत नाही. अरबी, फारसी व ग्रीक भाषांत गोड नारिंगास पोर्तुगालच्याच नावावरून नाव पडले आहे, आणि ‘मोसंबे’ हा मराठी शब्द मोझांबिकवरून आला असे मानले जाते. परंतु येथेही काळाची कसोटी लावली पाहिजे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांची जी यादी दिली आहे तीत ‘संगतरा’ हे नाव येते. बाबर इ. स. १५३० मध्ये वारला; वास्को द गामा कालिकतला आला तो इ. स. १४९८ मध्ये. अवघ्या तीस-बत्तीस वर्षांत एका पोर्तुगीज गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानात येथल्या फळाचे नाव म्हणून इतके रुळावे, की नवख्या बादशहाने ते देशी नाव म्हणून नोंदवावे, हे संभवनीय वाटत नाही. नागपूरला भोसल्यांच्या काळी औरंगाबादहून संत्र्याची कलमे आली अशी परंपरा आहे. त्यापूर्वी कितीतरी काळ हे नाव उत्तरेत रूढ होते. ‘मँडरिन’ ला पोर्तुगीज ठरविणारे आणि ‘संत्रे’ ला पोर्तुगीज ठरविणारे, दोघांचीही चूक एकाच जातीची आहे. दोघांनीही ओळखीचा ध्वनी ऐकला आणि तारीख पाहिली नाही.

८

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली पद्धतीविषयीची. ‘कास्ट’ आणि ‘मँडरिन’ हे दोन शब्द या दृष्टीने शेजारी ठेवण्याजोगे आहेत. दोन्ही पोर्तुगीजांनी जगास दिले. ‘कास्ट’ हा शब्द भारतीय समाजाचे वर्णन करतो म्हणून तो भारतीय वाटतो, पण तो पोर्तुगीज आहे. ‘मँडरिन’ हा चिनी समाजाचे वर्णन करतो म्हणून चिनी वाटतो, पोर्तुगीज क्रियापदाशी जुळतो म्हणून पोर्तुगीज वाटतो, आणि तो भारतीय आहे. शब्द ज्या वस्तूचे नाव आहे ती वस्तू कोठली, यावरून शब्द कोठला हे ठरत नाही. ते ठरते प्रथम प्रयोगाच्या काळावरून, स्थळावरून आणि नियमित ध्वनिपरिवर्तनावरून.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ‘मँडरिन’ चे मूळ संस्कृत आहे हे सिद्ध होताच त्यावरून वाटेल ते अनुमान काढण्याचा उत्साह आपल्याकडे संभवतो. चिनी भाषेचे नाव संस्कृत, म्हणून चिनी भाषा किंवा चिनी राज्यव्यवस्था संस्कृतोद्भव, हा तर्क ‘मांचू महाशय’ इतकाच निराधार आहे. चिनी भाषा निराळ्या कुळातील आहे, आणि तिने हा शब्द कधी उच्चारलेलाही नाही. येथे जे सिद्ध होते ते मर्यादित आहे, परंतु इतिहासदृष्ट्या मोलाचे आहे : सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पूर्वेकडील समुद्रांवर राजा आणि मंत्री यांविषयी बोलण्याची जी सामान्य परिभाषा होती ती संस्कृतातून आलेली होती, इस्लामी मलय दरबारांनीही ती चालविली होती, आणि युरोपीयांनी चीनकडे पाहिले ते प्रथम तिच्याच चष्म्यातून. या शब्दाच्या वाटचालीचे श्रेय कोणा एका भाषेकडे जात नाही. संस्कृतने त्यास अर्थ दिला, मलयने स्वर दिला, पोर्तुगीजने अनुनासिक दिला, आणि ‘ग्वानह्वा’ च्या निमित्ताने चिनीने त्यास एक भाषा दिली. यांपैकी एक दुवा जरी गाळला तरी त्याचे आजचे रूप उलगडत नाही.